गळाची फेक आणि रिळाची किंमत

संक्रांतीच्या सुमारास पतंग उडवताना चक्री कोणी धरायची यावरून तुमच्यात भांडणे होत असतील. पतंग उडवणाऱ्याला मान आणि चक्री धरणाऱ्याला बोलणी, असा तो प्रकार असतो. पण चक्री धरणाऱ्याचे काम वाटते तितके सोपे नाही. पतंग ओढ घेत असतो, चक्री हातात गरगर फिरत असते, दोरा भराभर सुटत असतो. तेवढ्यात पतंग कटतो. दोऱ्याचा ताण जातो. चक्री मात्र लगेच थांबत नाही. ती आपली फिरतच राहते, सैल दोऱ्याची वेटोळी पायाशी पडतात आणि बघता बघता गुंता होतो.

चक्रीला फिरवले कोणी? दोऱ्याने. मग तिला थांबवायला दोरा का असमर्थ ठरतो? कारण दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. एकदा गती मिळालेली वस्तू आपण होऊन थांबत नाही, हा न्यूटनचा पहिला नियम तुम्ही शिकला आहात. या दोन साध्या गोष्टी नीट लक्षात ठेवा. मासे धरण्याच्या काठीवर बसवतात त्या फिरत्या रिळाचे जवळजवळ सगळे विज्ञान त्यांत सामावले आहे.

हे रीळ आज आपल्या विचाराचा विषय आहे. त्याला 'बेटकास्टिंग रीळ' म्हणतात. बेट म्हणजे आमिष आणि कास्टिंग म्हणजे फेकणे. आमिष लांब फेकण्याचे रीळ, असा त्याचा अर्थ. ते साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून मिळते आणि उंची प्रतीच्या रिळांची किंमत वीस-तीस हजारांच्याही पुढे जाते. दोघांचे काम एकच. मग किमतीतला हा फरक कशाचा? आणि दहापट पैसे मोजले तर गळ दहापट लांब जातो का?

तलावाकाठचा प्रश्न

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा आणि कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलावांची कामे निघाली. चांगला पाऊस झाला की असे तलाव भरतात. तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडतात. काठच्या गवतात आणि पाणवनस्पतींत मरळीसारखा शिकारी मासाही असतो.

समजा, तुम्ही अशाच एका तलावाच्या काठी बांबूची काठी घेऊन उभे आहात. मासा उसळी मारतो तो काठापासून तीस-पस्तीस मीटरवर आणि तुमचा गळ पडतो आठ-दहा मीटरवर. दुकानदार सांगतो, "हे रीळ घे, त्यात दहा बेअरिंगे आहेत, गळ दुप्पट लांब जाईल." घरात तेवढे पैसे मागायचे तर आधी काही प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ हवीत. ती दुकानदाराकडे नाहीत. पण नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बरीचशी आहेत.

वेग येतो कोठून?

ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार तुम्ही पाहिला असेल. नुसत्या हाताने फेकलेला दगड जेथवर जातो त्याच्या कितीतरी पुढे गोफणीचा दगड जातो. हात तोच, दगड तोच; फक्त हाताची लांबी गोफणीने वाढवली. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचा वेग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. गळाची काठी हेच काम करते. मनगट थोडेसेच हलते, काठीचे टोक मात्र मोठ्या वेगाने पुढे येते. शिवाय काठी मागे वाकते तेव्हा धनुष्यासारखी ऊर्जा साठवते आणि सरळ होताना ती आमिषाला देते.

हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवला तर ४५ अंशांत फेकलेली वस्तू किती अंतर जाईल याचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. सेकंदाला २० मीटर वेग असेल तर ४०० भागिले ९.८, म्हणजे सुमारे ४१ मीटर. वेग २५ मीटर केला तर अंतर सुमारे ६४ मीटर होते. वेग सव्वापट केला, अंतर दीडपटीहून जास्त वाढले! अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून वेगातली थोडीशी वाढही बरेच काही देऊन जाते आणि वेगातली थोडीशी घटही बरेच काही हिरावून नेते.

आता काठी १.८ मीटरऐवजी २.१ मीटर घेतली आणि ती तेवढ्याच झपाट्याने फिरवली असे समजा. टोकाचा वेग सुमारे १७ टक्के वाढेल आणि अंतर सुमारे ३६ टक्के. लांब काठी तेवढ्याच झपाट्याने फिरवणे जड जाते, हवाही आडवी येते, म्हणून एवढा फायदा पदरात पडत नाही. तरी मुद्दा ध्यानात येतो. वेग देतात ती तुमचा हात आणि काठी. या हिशेबात रिळाचे नाव अजून आलेलेच नाही.

कारण उघड आहे. रीळ आमिषाला ढकलत नाही. त्याला एवढेच करायचे असते, की मिळालेल्या वेगाने आमिष पुढे धावत असताना मागची दोरी विनाअडथळा सुटू द्यायची. म्हणजे रीळ अंतर देत नाही. ते अंतर कमी किंवा जास्त खाते. चांगले रीळ म्हणजे कमी खाणारे रीळ!

दोरी सोडण्याच्या दोन तऱ्हा

गुंडाळलेली दोरी दोन तऱ्हांनी सुटते. पहिली तऱ्हा चक्रीची: गुंडाळी स्वतः फिरते आणि दोरी सरळ निघते. दुसऱ्या तऱ्हेत गुंडाळी स्थिर राहते आणि दोरी तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने निसटते.

दुसरी तऱ्हा पाहायला फार लांब जायला नको. सोलापूरच्या मागावर धोटा सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो. धोट्यातली कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून सुटत जाते. कांडी फिरणारी असती तर धोटा थांबताक्षणी ती फिरतच राहिली असती आणि सुताचा गुंता झाला असता. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात होल्डन इलिंगवर्थ नावाचे गृहस्थ राहत. गिरणीतल्या सुताचे हे वागणे त्यांनी हेरले आणि १९०५ साली स्थिर गुंडाळीच्या रिळाचे पेटंट घेतले. आज दुकानात 'स्पिनिंग रीळ' या नावाने मिळते ते याच वंशातले. नावात स्पिनिंग असले तरी फेकताना त्याची गुंडाळी फिरत नाही.

याच तत्त्वावरचे सर्वांत स्वस्त रीळ तर जवळजवळ फुकट मिळते. रिकाम्या डब्यावर किंवा बाटलीवर तंगूस गुंडाळायचा, एका हाताने शिसे गरगर फिरवून सोडायचे आणि दुसऱ्या हातातल्या डब्याचे टोक फेकीच्या दिशेला धरायचे. तंगूस टोकावरून भुर्रकन निघून जातो. किमतीचा हिशेब मांडताना हा डबा विसरू नका.

फिरत्या गुंडाळीचे रीळ यापेक्षा जुने. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाचे एक घड्याळजी होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी दातेरी चाके बसवून असे रीळ बनवले, की मूठ एकदा फिरवली तर गुंडाळी अनेकदा फिरे. घड्याळजीच का? कारण बारीक आस, नेमकी चाके आणि कमीत कमी घर्षण हा त्याचा रोजचा विषय. पुढे स्वीडनमधल्या आबू या कंपनीनेही हेच केले. १९२१ मध्ये ती निघाली तेव्हा खिशातली घड्याळे बनवी. १९५० च्या दशकात तिची 'अँबॅसेडर' रिळे जगभर गेली. जपानची शिमानो कंपनीही १९२१ चीच. तिचा आरंभ सायकलच्या फ्रीव्हीलपासून झाला. घड्याळ, सायकल आणि मासेमारीचे रीळ ही भावंडे आहेत, हे किती जणांच्या लक्षात येते?

पण स्थिर गुंडाळीत गुंत्याची भीती कमी असताना फिरत्या रिळाचा खटाटोप कशासाठी? त्याची दोन कारणे आहेत. फिरत्या गुंडाळीत दोरी काटकोनात वळत नाही. मासा लागल्यावर ओढ थेट मजबूत आसावर येते. पाणवनस्पतींत घुसलेली मरळ जाड दोरीने ओढून काढायची तर हे उपयोगी पडते. दुसरे कारण अंगठ्याचे. गुंडाळीवर अंगठा टेकवून आमिष हवे तेथे अलगद थांबवता येते.

फिरकीचे ओझे

फिरत्या रिळातल्या गुंडाळीला आपण 'फिरकी' म्हणू. फेकताना काठी पुढे येईपर्यंत अंगठ्याने फिरकी दाबून धरलेली असते. अंगठा उचलताच आमिष सुटते आणि स्थिर असलेल्या फिरकीला एकदम आपल्या वेगाने फिरायला लावते. तो वेग किती? फिरकीवरच्या दोरीची त्रिज्या १.६ सेंटीमीटर धरली तर परीघ सुमारे १० सेंटीमीटर होतो. आमिष सेकंदाला २० मीटर धावत असेल तर फिरकीला सेकंदाला २०० फेरे घ्यावे लागतील, म्हणजे मिनिटाला १२,००० फेरे! घरातला छताचा पंखा पूर्ण वेगाने चालवला तरी मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेऱ्यांच्या आसपास असतो.

एवढा वेग द्यायचा तर आमिषाला स्वतःच्या संवेगातला वाटा फिरकीला द्यावा लागतो. फिरकीचे सगळे वस्तुमान कडेला असते तर तो वाटा पुऱ्या वस्तुमानाचा झाला असता. पण काही वस्तुमान आसाजवळ असते, त्याला कमी वेग लागतो. फिरणाऱ्या वस्तूत वस्तुमान आसापासून किती दूर पसरले आहे यावरून तिचे 'निरूढी परिबल' ठरते. येथे ढोबळ हिशेबासाठी आपण फिरकीचे निम्मे वजन धरू. दोरीसह फिरकी २० ग्रॅम असेल तर आमिषाच्या दृष्टीने ते १० ग्रॅमचे ओझे.

आता संवेग अक्षय्यतेचा नियम लावा. आमिष १० ग्रॅमचे असेल तर १० ग्रॅमचा संवेग २० ग्रॅममध्ये वाटला जाईल. वेग निम्मा होईल. आणि अंतर? निम्म्याचा वर्ग, म्हणजे चौथा हिस्सा! याच रीतीने आणखी तीन उदाहरणे सोडवू. ओझे नसते तर जे अंतर मिळाले असते ते १०० धरा.

आमिष १० ग्रॅम, फिरकी २० ग्रॅम: अंतर २५
आमिष १० ग्रॅम, फिरकी १२ ग्रॅम: अंतर ३९
आमिष ३० ग्रॅम, फिरकी २० ग्रॅम: अंतर ५६
आमिष ३० ग्रॅम, फिरकी १२ ग्रॅम: अंतर ६९

हा हिशेब फार कडक आहे. प्रत्यक्षात अंगठा उचलताना काठी अजून पुढे येत असते आणि फिरकीला वेग द्यायला तीही मदत करते. त्यामुळे तोटा इतका होत नाही. परंतु आकड्यांचा कल खरा आहे. तो असा: फिरकी हलकी केल्याने हलक्या आमिषाचे अंतर दीडपटीहून अधिक वाढले, जड आमिषाचे वाढले ते सव्वापटीहून थोडे कमी.

महाग रिळाच्या किमतीतला मोठा भाग या हलकेपणाचा असतो. फिरकीची भिंत पातळ करायची, तिला भोके पाडायची, तरी ती ताणाखाली चेपता कामा नये. याला उत्तम मिश्रधातू आणि नेमके यंत्रकाम लागते. म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला विचारा: मी फेकणार आहे ते किती ग्रॅमचे? रोहू-कटल्यासाठी तीस-चाळीस ग्रॅमचे शिसे लावून कणकेचा गोळा टाकणार असाल तर हलक्या फिरकीसाठी मोजलेले पैसे बरेचसे वाया जातील. मरळीसाठी दहा-बारा ग्रॅमचा रबरी बेडूक फेकायचा असेल तर मात्र फरक दिसेल. आणि चार-पाच ग्रॅमचे आमिष असेल तर साध्या किमतीच्या फिरत्या रिळाचा नाद सोडा. तेथे स्वस्त स्पिनिंग रीळच सरस ठरते, कारण त्यात फिरवायला ओझेच नाही.

गुंता आणि तीन ब्रेक

आता चक्रीच्या गोष्टीकडे वळू. सुटलेले आमिष हवेच्या रोधाने मंदावत जाते. फिरकी मात्र गुळगुळीत बेअरिंगवर त्याच वेगाने फिरत राहते. आमिष मागते त्यापेक्षा जास्त दोरी फिरकी सोडू लागते आणि क्षणार्धात रिळावर पाखराच्या घरट्यासारखा गुंता तयार होतो. फेक तेथेच संपते. पाहा, कशी गंमत आहे! सुरुवातीला फिरकी लवकर फिरत नाही म्हणून तोटा, नंतर लवकर थांबत नाही म्हणून तोटा. दोन्हींचे कारण एकच: जडत्व.

यावर पहिला उपाय अंगठा. निष्णात गळवाला फिरकीवर अंगठा पिसासारखा टेकवून वेग नेमका आवरतो. पण हे कौशल्य यायला फार फेकी फेकाव्या लागतात. म्हणून रिळात ब्रेक बसवतात.

पहिला ब्रेक साध्या घर्षणाचा. बाजूची घुंडी आवळली की आसावर दाब येतो. फिरकी जलद फिरो की सावकाश, तो जवळजवळ सारखाच अडवतो.

दुसरा केंद्रोत्सारी ब्रेक. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात वेग वाढला की पाळणे बाहेर फेकले जातात. तसेच फिरकीवरचे छोटे ठोकळे बाहेर सरकून एका कड्यावर घासतात. हे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की ब्रेक चौथाई. वेग तिसरा हिस्सा झाला की ब्रेक नववा हिस्सा. म्हणजे गुंत्याचा धोका मोठा असतो त्या सुरुवातीच्या काळात हा जोरात लागतो आणि पुढे जवळजवळ अंग काढून घेतो.

तिसरा चुंबकी ब्रेक. फिरकी ॲल्युमिनियमची असते आणि तिच्या बाजूला छोटे चुंबक असतात. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. मग ब्रेक लागतो कसा? चुंबकाच्या क्षेत्रातून धातू सरकू लागला की त्यात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. १८३४ मध्ये हाइनरिख लेंझ यांनी मांडलेल्या नियमाप्रमाणे हे प्रवाह ज्या गतीमुळे निर्माण झाले त्याच गतीला विरोध करतात. कोठेही स्पर्श नाही, घासणे नाही, झीज नाही. जुन्या घरांत भिंतीवर विजेचा चकतीचा मीटर असे. त्यातली ॲल्युमिनियमची चकती भरमसाट पळू नये म्हणून तिच्या कडेला चुंबक बसवलेला असे, तत्त्व हेच. चुंबकी ब्रेक वेगाच्या सरळ प्रमाणात असतो: वेग निम्मा, तर ब्रेकही निम्मा. त्यामुळे तो फेकीच्या शेवटापर्यंत थोडाथोडा लागत राहतो. नवशिक्याला त्याचा आधार वाटतो. कसलेल्या हाताला कधी कधी तो शेवटचे काही मीटर खाणारा वाटतो.

ब्रेक जास्त तर अंतर कमी, ब्रेक कमी तर गुंता जास्त. तेव्हा नुसत्या 'सर्वांत लांब' फेकीवरून रीळ पारखणे चुकीचे आहे. दहापैकी तीन फेकी गुंत्यात गेल्या तर उरलेल्या सात कितीही लांब गेल्या तरी काय उपयोग?

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर 'दहा बेअरिंगे' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्यांतली फेकताना कामाची किती? फिरकीच्या आसाला आधार देणारी. ती बहुतेक रिळांत दोन, फार तर तीन असतात. बाकीची मुठीत आणि दोरी सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेत बसवलेली असतात. त्यांनी गुंडाळणे सुखाचे होते, फेक लांब होत नाही. दहा साध्या बेअरिंगांपेक्षा आसावरची दोन उत्तम आणि स्वच्छ बेअरिंगे अधिक मोलाची.

दुसरा आकडा ६.३ : १ असा असतो. मूठ एकदा फिरवली की फिरकी ६.३ वेळा फिरते, असा त्याचा अर्थ. आपल्या १० सेंटीमीटर परिघाच्या फिरकीवर एका फेऱ्यात सुमारे ६३ सेंटीमीटर दोरी गुंडाळली जाईल. हा आकडा दोरी परत ओढण्याचा आहे. फेकताना दातेरी चाके फिरकीपासून सुटी झालेली असतात, त्यामुळे फेकीच्या अंतराशी त्याचा संबंध नाही.

ज्याची जाहिरात कोणी करत नाही असा एक आकडा मात्र महत्त्वाचा आहे, तो म्हणजे दोरीची जाडी. नायलॉनच्या ०.३० मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर तंगुसाचे वजन सुमारे ८ ग्रॅम भरते, ०.४० मिलिमीटरच्या तंगुसाचे सुमारे १४ ग्रॅम. हे वजन फिरकीच्या कडेला असते, म्हणजे सर्वांत त्रासदायक जागी. जाड दोरी हवेतही अधिक अडते. गरजेपुरती बारीक आणि गरजेपुरत्या लांबीची दोरी भरली तर जे अंतर मिळते त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही.

मीटर आणि रुपये

समजा तीन रिळे आहेत. आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. पहिले २,००० रुपयांचे, सरासरी फेक ३० मीटर. दुसरे ६,००० चे, फेक ३६ मीटर. तिसरे १८,००० चे, फेक ३८ मीटर. 'सर्वांत लांब कोणते?' असा प्रश्न विचारला तर उत्तर तिसरे. पण पुढच्या प्रत्येक मीटरला काय पडले ते पाहा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ६ मीटरला ४,००० रुपये, म्हणजे मीटरला सुमारे ६६७. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना २ मीटरला १२,००० रुपये, म्हणजे मीटरला ६,०००! सुरुवातीचा तोटा कमी करणे स्वस्त असते. उरलासुरला तोटा काढायला दाम वाढत जातात. कोणत्याही यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट आढळते.

आणि त्या ३६ व ३८ मध्ये खरोखर फरक आहे का, हेही तपासले पाहिजे. एकाच रिळाच्या दहा फेकी ३२ पासून ४० मीटरपर्यंत पसरल्या असतील, तर दोन मीटरचा फरक रिळाचा की हाताचा हे कोणाला सांगता येईल?

म्हणून तुलना करायची तर अशी करा. माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघाली की रान मोकळे होते. तेथे पाणी नको, मासा नको, गळही नको. गळाऐवजी प्लॅस्टिकचे वजन बांधा. जगात अशा कोरड्या जमिनीवरच्या फेकीच्या स्पर्धाही होतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत ७.५ आणि १८ ग्रॅमची वजने वापरतात. काठी, दोरी, वजन आणि फेकणारा एकच ठेवा. रिळे आलटून पालटून लावा, म्हणजे वारा बदलला किंवा हात दमला तर त्याचा परिणाम दोघांवर सारखा होईल. प्रत्येकाच्या दहा फेकी टेपने मोजा. गुंता झालेली फेक सोडून देऊ नका. जेथे वजन पडले ते अंतर मांडा. मग सरासरी काढा आणि सर्वांत लांब व सर्वांत जवळची फेकही शेजारी लिहा.

करून पाहा

हातात रीळ नसले तरी वरचे विज्ञान शाळेत तपासता येते.

साहित्य: शिवणाचे दोऱ्याचे भरलेले रीळ, त्यातून सैल जाईल अशी गुळगुळीत विणकामाची सुई, एक लोखंडी नट, थोडी माती किंवा मेण, थांबघड्याळ.

(१) शाळेच्या पहिल्या मजल्यावरून खाली ४.९ मीटर अंतर मोजा. खाली कोणी उभे राहणार नाही याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. नट नुसता सोडा. तो सुमारे एका सेकंदात खाली पोचेल.

(२) दोऱ्याला नट बांधा. रीळ सुईवर आडवे धरा आणि नट सोडा. आता त्याला रीळ फिरवत जावे लागते. रिळाचे ओझे नटाइतके भरत असेल तर वेळ १.४ सेकंदांच्या आसपास येईल. तुमच्या रिळाला किती लागतो?

(३) नट जमिनीवर आदळल्यावर रिळाकडे पाहा. ते फिरतच राहील आणि सैल दोऱ्याची वेटोळी खाली येतील. किती दोरा जास्तीचा सुटला ते मोजा. हाच रिळाचा गुंता.

(४) रिळाच्या दोन्ही कडांना मातीचे सारखे गोळे चिकटवा आणि पुन्हा करा. वेळ वाढला का? सैल दोरा वाढला का?

(५) रिळावर बोट हलकेच टेकवून पुन्हा करा. सैल दोरा कमी होईल आणि वेळ वाढेल. किती दाबले तर दोन्ही बेताचे राहतात ते शोधा.

(६) शेवटी रीळ उभे करून त्याचे टोक खालच्या दिशेला धरा, म्हणजे दोरा टोकावरून निसटेल. वेळ पुन्हा एका सेकंदाजवळ येतो का ते पाहा. ही इलिंगवर्थ यांची युक्ती.

प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी घ्या. थांबघड्याळ दाबताना हाताला थोडा उशीर होतो, म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नका.

प्रत्यक्ष तलावावर जाल तेव्हा काही गोष्टी पाळा. पुष्कळ तलावांतल्या मासेमारीचे हक्क सहकारी मच्छिमार संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. ज्या माशांवर त्यांचे घर चालते ते आपण करमणुकीसाठी उचलून आणणे बरे नव्हे. मुंबईच्या पवई तलावावर १९५५ पासून गळवाल्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था आहे. हौसेलाही शिस्त असते हे अशा संस्थांकडून शिकता येते. कार्बनच्या धाग्यांची काठी विजेची वाहक असते, तेव्हा विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ती उभारू नका. फेकण्याआधी मागे कोणी नाही ना ते पाहा. आणि तुटलेल्या तंगुसाचा तुकडाही काठावर टाकू नका. नायलॉन कुजत नाही, पाखरांचे पाय मात्र त्यात अडकतात.

शेवटी तीन प्रश्न. उत्तरे आपापसांत चर्चा करून शोधा आणि शिक्षकांना दाखवा.

१. फिरकीवरची निम्मी दोरी सुटल्यावर, दोरीचा वेग तोच राहायचा असेल तर फिरकीने अधिक जलद फिरावे की सावकाश?

२. चुंबकी ब्रेकच्या रिळात ॲल्युमिनियमऐवजी प्लॅस्टिकची फिरकी बसवली तर काय होईल?

३. चंद्रावर हवा नाही आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. तेथे कोणी हे रीळ घेऊन वजन फेकले, तर गुंता फेकीच्या मध्यावर होईल, शेवटी होईल की होणारच नाही?